आपण शब्द टाकावा : परराष्ट्रमंत्र्यांना सोलापूरहून खुलं पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाचं उसाचं बिल थकलं, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात खाट मिळेना, की माणसं गावातल्या वजनदार माणसाच्या ओसरीवर जाऊन बसतात आणि म्हणतात, "जरा शब्द टाका की." शब्द टाकणाऱ्याच्या खिशातून पैसा जात नाही, त्याची पत पणाला लागते. म्हणून तो शब्द जपून टाकतो, आणि ज्याच्यासाठी टाकला ते घर त्याला पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही.

मी आपल्या ओसरीवर अशाच एका शब्दासाठी आले आहे. श्रीमंत देश गरीब देशांना देत असलेली औषधांची, लसींची, धान्याची मदत झपाट्यानं कापत आहेत. त्यातले बरेच देश भारताचे मित्र आहेत. आपण त्यांच्याशी वर्षभर बोलत असता: व्यापारावर, संरक्षणावर, व्हिसावर. त्या बोलण्यात ही मदत थांबवू नका, एवढं भारतानं ठामपणे सांगावं, अशी माझी मागणी आहे.

मी सरकारी दवाखान्यातली निवृत्त परिचारिका. माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. ज्वारीचं कोठार म्हणून ज्या तालुक्याची ख्याती, तिथं १९७२ साली दाणा पिकला नाही. मी दहा वर्षांची होते. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या आमच्या घरात रेशनची मिलो आली. अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा कमी, भाकरी थापताना चिरा पडायच्या. आई आधी पिठाची उकड काढायची, मग भाकरी थापायची. शाळेत सुकडी मिळायची. त्या दोन गोष्टींवर आम्ही चार भावंडं ते वर्ष तरलो. माझ्या पिढीतल्या कुठल्याही सोलापूरकराला मिलो म्हणून पाहा, तो लगेच त्या भाकरीचा रंग सांगेल.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून मी या धान्याचा माग काढला. मला वाटायचं, मिलो कुणीतरी दिलेली असणार. तसं नव्हतं. बांगलादेश युद्ध पेटलं तेव्हा, डिसेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेनं भारताची मदत थांबवली होती. त्यामुळे पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला तेव्हा आपल्या सरकारला परदेशातून धान्य विकत आणावं लागलं. एका राजधानीत घेतलेला निर्णय दहा-बारा महिन्यांत आमच्या तव्यापर्यंत आला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच्या आधीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि आपल्यापुढे ती सविस्तर मांडायची आहे. १९५८ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या मध्यावर भारताची परकीय गंगाजळी आटली. यंत्रं मागवायला पैसे उरले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोन सदस्यांनी भारतासाठी ठराव मांडला. एक जॉन केनेडी, जे पुढे अध्यक्ष झाले. दुसरे जॉन शर्मन कूपर, जे काही काळ दिल्लीत राजदूत होते. अमेरिकेनं इतर देशांना बरोबर घेऊन भारताच्या योजनेला हातभार लावावा, असा त्या ठरावाचा आशय. आपल्या बाजूनं भारत सरकारचे अधिकारी बी. के. नेहरू वॉशिंग्टनमध्ये बसून घरोघरी जावं तसे दारोदारी जात होते. ऑगस्टमध्ये जागतिक बँकेनं वॉशिंग्टनला बैठक बोलावली आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी आणि जपान एका टेबलाशी बसले. त्यालाच पुढे 'एड इंडिया कन्सॉर्शियम' म्हणू लागले. यातले जर्मनी आणि जपान तेरा वर्षांपूर्वी युद्धात बेचिराख झाले होते. स्वतःची घरं अजून बांधून पुरी झाली नव्हती, तरी कुणीतरी शब्द टाकला म्हणून ते भारतासाठी बसले.

१९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. बिहारमध्ये माणसं अन्नावाचून तडफडत होती. फेब्रुवारी १९६७ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांच्या संसदेला, म्हणजे अमेरिकी काँग्रेसला, संदेश पाठवला : २० लाख टन धान्य आत्ता, आणखी ३० लाख टन इतर देश आपला वाटा उचलतील तेव्हा. नुसता संदेश पाठवून ते थांबले नाहीत. युजीन रोस्टो हे त्यांचे परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी मित्रदेशांच्या राजधान्या फिरले. भारताला तुम्हीही द्या, असं सांगत. त्याच वर्षी श्रीमंत देशांनी अन्नसाहाय्याचा करार केला आणि वर्षाला ४५ लाख टन धान्य गरीब देशांना देण्याची जबाबदारी आपसांत वाटून घेतली. एका सरकारनं दुसऱ्या सरकारचं मन वळवलं, आणि ते लेखी करारात उतरलं.

हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. याच जॉन्सन यांनी धान्याची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडली, म्हणजे भारत त्यांच्या तालावर राहील. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, त्यामागेही मदत देणाऱ्यांचा दबाव होता. धान्याबरोबर गाजरगवताचं बी आलं असं आमच्याकडे सांगतात. ते आलं कसंही असो, माझ्या वडिलांनी पुढची वीस वर्षं ते बांधावरून उपटलं आणि त्यांच्या हातांना कायमची खाज राहिली. दुसऱ्याच्या दारातलं अन्न काय चवीचं असतं हे या देशाला पक्कं ठाऊक आहे. २००३ मध्ये भारतानं बहुतेक लहान देणगीदारांची मदत नम्रपणे नाकारली, आणि पुढेही अनेक आपत्तींत आपण परदेशी सरकारांचा पैसा घेतला नाही. मला त्याचा अभिमान आहे. आपल्याला गरज उरली नाही म्हणून ज्यांना आहे त्यांच्यासाठी गप्प राहायचं, हे मात्र मला पटत नाही.

आमच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपल्याला ठाऊक असतीलच. ते बीदरच्या बादशहाचे नोकर होते. दुष्काळात त्यांनी सरकारी पेवं उघडली आणि धान्य लोकांना वाटलं. लोक ती कथा विठोबानं विठू महाराच्या रूपात बीदरला जाऊन पैसे भरले म्हणून सांगतात. एवढी वर्षं दवाखान्यात काढल्यावर मला त्यातली आधीची गोष्ट जास्त मोठी वाटते. पेवाच्या किल्ल्या ज्याच्या हातात होत्या तो अधिकारी होता, आणि समोरच्याची भूक बघून त्यानं आपली नोकरी पणाला लावली.

आता आजचं. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी रोखली. १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही त्यांची परदेशी मदत वाटणारी संस्था बंद झाली. ब्रिटननं आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांनीही कात्री लावली. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला होता की श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी. २०२४ मध्ये या देशांची सरासरी ०.३३ टक्के होती, आणि ०.७ ची रेघ ओलांडणारे देश चारच : नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, डेन्मार्क. त्या एका वर्षात एकूण मदत ७.१ टक्क्यांनी घटून २१२.१ अब्ज डॉलरवर आली, आणि मोठी कपात तर त्यानंतर सुरू झाली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२५ च्या मध्यावर आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की अमेरिकेची ही कपात कायम राहिली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख जास्तीचे मृत्यू होतील. त्यातली ४५ लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुलं.

अंदाज खालीवर होईल. पण औषध मध्येच तुटलं की काय होतं, यासाठी मला अंदाज लागत नाही. नोकरीची शेवटची काही वर्षं मी क्षयाच्या रुग्णांत काढली. एक यंत्रमाग कामगार होता. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. मग मालकानं सुट्टी दिली नाही म्हणून दवाखान्यात यायचं थांबला. सात महिन्यांनी आला तेव्हा साध्या गोळ्या त्याच्यावर चालत नव्हत्या. तोपर्यंत त्याच्या बायकोलाही लागण झाली होती, तीही तसल्याच हट्टी जंतूची. दोन वर्षं दोघांना इंजेक्शनं दिली. एचआयव्हीचं औषधही असंच आहे, रोज, न चुकता, जन्मभर. आफ्रिकेत लाखो लोक या गोळ्यांवर उभे आहेत. त्यांनी एकही दिवस आळस केलेला नाही. गोळी देणारी खिडकीच बंद झाली, तर त्यांनी काय करावं?

आणि त्या गोळ्या येतात कुठून? बऱ्याचशा आपल्याकडून. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीनं एचआयव्हीची तिहेरी औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली, आणि जगात त्या औषधांचे भाव कोसळले. दोन वर्षांनी अमेरिकेनं इतर देशांतल्या एचआयव्ही रुग्णांसाठी पेपफार ही योजना सुरू केली, एचआयव्ही, क्षय आणि हिवताप यांच्यासाठीचा ग्लोबल फंड हा जागतिक निधी आधीच उभा राहिला होता, आणि भारतातल्या स्वस्त गोळ्या परदेशी मदतीच्या पैशातून आफ्रिकेतल्या खेड्यांत पोचल्या. लसींचं तेच. 'गावी' ही गरीब देशांना लस पोचवणारी जागतिक आघाडी. तिला पुण्याची सीरम ही कंपनी लस पुरवते. जून २०२५ मध्ये ब्रसेल्सच्या बैठकीत 'गावी'चं लक्ष्य ११.९ अब्ज डॉलर होतं, ९ अब्जांच्या थोडं वर जमले. नोव्हेंबरमध्ये ग्लोबल फंडाचं लक्ष्य १८ अब्ज होतं, ११.३४ अब्ज जमले. पण त्या बैठकीतली एक गोष्ट मला फार आवडली. यजमान म्हणून ब्रिटनच्या बरोबरीनं दक्षिण आफ्रिका बसली होती. मदत घेणारा देश देणाऱ्यांना बोलावतो, बसवतो, सांगतो. ती खुर्ची भारताला शोभेल.

शेजारणी मला विचारतात, "सिस्टर, आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तुम्हाला आफ्रिकेची काळजी कुठून सुचते?" प्रश्न रास्त आहे. विचारणारी बाई दिवसभर विड्या वळते. तिला मी उडवून लावू शकत नाही.

मी तिला आकडा सांगितला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दुसऱ्या देशांच्या मदतीसाठी सुमारे ५,४८३ कोटी रुपये होते. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, २,१५० कोटी, भूतानचा. देशाचा एकूण खर्च ५० लाख कोटींहून अधिक. म्हणजे शंभर रुपयांतले अकरा पैसे. तिच्या नळाचं पाणी त्या अकरा पैशांनी अडवलेलं नाही.

मग मी तिला ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण दिली. ती तेव्हा शाळकरी मुलगी होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली, आणि उजाडता उजाडता किल्लारी-सास्तूरकडून जखमी यायला लागले. जीपमधून, ट्रकमधून, दुधाच्या गाडीतून. खाटा संपल्या, मग गाद्या संपल्या, मग आम्ही जमिनीवर झोपवलं. मातीनं भरलेल्या डोळ्यांची एक म्हातारी माझा हात सोडत नव्हती. दुपारपर्यंत सोलापूरच्या पूर्वभागातले विणकर चादरींचे गठ्ठे खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी त्या आठवड्याचा पगार झालेला नव्हता. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. त्या बँकेत जगभरच्या सरकारांचा पैसा असतो. म्हणजे नाव-गाव माहीत नसलेल्या कितीतरी देशांतल्या करदात्यांचा हात त्या विटांना लागला आहे.

शेजारीण थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या चादरीतली एक माझ्या बापानं विणलेली होती."

मदतीचा पैसा परत कसा येतो, याचंही एक उदाहरण आमच्या जिल्ह्यातलं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास केला. सव्वा लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. पैसा परदेशी देणगीचा होता. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आलं. ज्या गटाची तपासणी केली नाही त्या बायकांबद्दल पुढे टोकदार प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते. मीही ते विचारते. पण आमच्याकडच्या ऊसतोड आणि शेतमजूर बायकांच्या अंगातून निघालेलं ते ज्ञान आज जगभरच्या बायकांचा जीव वाचवतं आहे.

महोदय, आपलं खातं याला मदत म्हणत नाही, विकासातली भागीदारी म्हणतं. शब्द चांगला आहे. १९६४ पासून आयटेक योजनेतून आपण इतर देशांतल्या माणसांना शिकवतो. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडू आणि अंदमान उद्ध्वस्त झाले असताना आपल्या नौदलाची जहाजं श्रीलंकेला, मालदीवला, इंडोनेशियाला गेली. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांनी तेव्हा मदतीसाठी जो गट केला, त्यातूनच पुढे क्वाडची कल्पना रुजली. म्हणजे आज ज्या मैत्रीचे फोटो निघतात तिचा पाया बुडालेल्या माणसांना बाहेर काढण्यात आहे. त्या मित्रांना हे आठवण करून द्यायला भारताइतका हक्काचा कोण?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. जपान, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका आणि आखातातले देश यांच्याशी आपल्या ज्या ज्या बैठका होतील, त्यांत औषध, लस आणि अन्न यांच्या मदतीचा विषय भारताच्या बाजूनं निघावा. कपात करायचीच असेल तर एका रात्रीत नको. त्या देशाला स्वतःची सोय करता येईल इतकी मुदत द्या, एकाही रुग्णाचा डोस चुकता कामा नये, हे आपण सांगावं. त्या बोलण्यात आमची कुठली अट, कुठला सौदा गुंतवू नका. जॉन्सनच्या जहाजांनी आपल्याला जे सोसायला लावलं ते आपण दुसऱ्याला लावायचं नाही.

ब्रिक्स या उदयोन्मुख देशांच्या गटाचं २०२६ चं अध्यक्षपद भारताकडे आहे. त्या टेबलाशी चीन बसतो, अमिराती बसतात. पश्चिमेचे देश हात आखडता घेत असताना यांनी पुढे यावं, हेही भारतानंच म्हणायला हवं. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांचा इब्सा निधी २००४ साली ठरला. प्रत्येकानं वर्षाला १० लाख डॉलर घालायचे. या तीन देशांची आजची ताकद पाहता तो आकडा फार लहान आहे. आधी आपला वाटा वाढवा, मग दोघांना सांगा. ज्याच्या स्वतःच्या ताटात काही वाढलेलं दिसतं त्याच्या शब्दाला वजन येतं, हे आपल्याला मी सांगायला नको. आणि भारतानं कुणापुढे हा विषय काढला, कुणी काय उत्तर दिलं, याचं एक निवेदन वर्षातून एकदा संसदेत ठेवा. आम्हाला वाचायचं आहे.

चीनशी बोलणं सोपं नाही, हे समजतं. तरी सोलापूरची मुलगी म्हणून एक सांगते. १९३७-३८ च्या सुमाराला चीनवर जपाननं चाल केलेली असताना तिथल्या झू दे या सेनापतींनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर मागितले. देश गुलाम, तिजोरी इंग्रजांची. तरी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांना हाक दिली, वर्गणी जमली, पाच डॉक्टर गेले. त्यातले द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडे कळली, तरी ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीसाव्या वर्षी, तिथंच गेले. आमच्याकडे नर्सिंगच्या नव्या मुली आल्या की त्यांना मी त्यांच्या स्मारकात घेऊन जायची. मुली विचारायच्या, "यांना पाठवलं कुणी? तेव्हा तर आपलं सरकारच नव्हतं." मी सांगायची, तिकडून एक पत्र आलं होतं आणि इकडे ते कुणीतरी मनावर घेतलं.

या पत्राची एक प्रत आमच्या खासदारांना देणार आहे. उत्तर पाठवलंत तर ते शेजारच्या विडी कामगार बायकांना वाचून दाखवीन. त्या दर रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर बसतात आणि आता त्याही विचारू लागल्या आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
सोलापूर